मग पुढे काही झालं नाही का?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून इथे देते.

‘मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. वय ४८. माहेर नौपाड्यातलं. एकविसाव्या वर्षी मी एका राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेले होते. मुकुट मिळाला नाही. नंतर दोन जाहिराती चालून आल्या होत्या, पण ते काही झालं नाही. वर्षभरात लग्न झालं, मग सहकारी बँकेत नोकरी. आज मी शाखाधिकारी आहे. जांभळी नाक्यावरच्या व्यापाऱ्यांपासून पेन्शनर आजोबांपर्यंत सगळे मला नावाने ओळखतात.

यंदा सोसायटीच्या गणपतीत निवेदिकेने माझी ओळख ‘एकेकाळची सौंदर्यवती’ अशी करून दिली. स्टेजवरून खाली उतरले तर शेजारीण म्हणाली, “अय्या, मग पुढे काही झालं नाही का?” घरी येऊन हे मी हसत सांगितलं, तर लेक म्हणाली, “खरंच आई, तू काहीच केलं नाहीस त्याचं.” त्या रात्री मला झोप लागली नाही.

लेक २० वर्षांची आहे. फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला, रोज ट्रान्सहार्बर लोकलने नेरुळला जाते. तिला आता स्पर्धेचा अर्ज भरायचाय. मिस्टर म्हणतात, जिंकलेल्या मुलींचं तरी पुढे काय भलं झालं? मला तुम्हाला विचारायचंय, जिंकलेल्यांचं खरंच काय झालं? मी संधी वाया घालवली का? लेकीला अर्ज भरू द्यावा का? आणि भरला तर मी तिच्याबरोबर जावं, की ते बरं दिसणार नाही?’

ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट देता येतं, कारण या बायकांची आयुष्यं बरीचशी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेली आहेत. तिथूनच सुरुवात करते. जरा लांबण लागली तर लागू दे. तुमचे मिस्टर आणि तुमची शेजारीण वरवर वेगळं बोलतायत, पण दोघांच्या मनात एकच हिशेब आहे: स्पर्धेनंतर सिनेमा मिळाला तर भलं झालं, नाही मिळाला तर सगळं फुकट गेलं.

हा हिशेब तुमच्याच तरुणपणी पक्का झाला. १९९१ नंतर बाजार खुला झाला, केबल टीव्ही घराघरात आला, आणि १९९४ मध्ये एकाच वर्षी सुष्मिता सेन मिस युनिव्हर्स आणि ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली. मग १९९७ ला डायना हेडन, १९९९ ला युक्ता मुखी, २००० साली लारा दत्ता आणि प्रियांका चोप्रा. सात वर्षांत जगातले सहा मोठे किताब. यातल्या चौघी हिंदी सिनेमात मोठ्या झाल्या आणि तेव्हापासून आपल्याकडे मुकुट म्हणजे सिनेमाचं तिकीट असं धरून चाललं जातं. तुम्ही नेमक्या त्याच लाटेत स्पर्धेला उभ्या होतात, त्यामुळे लोकांनी तुम्हालाही तीच मोजपट्टी लावली. मला वाटतं, तुम्ही स्वतःही लावली असणार.

त्याआधीची यादी पाहिली की चित्र बदलतं. १९४७ ची पहिली मिस इंडिया म्हणजे प्रमिला, मूळ नाव एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, कोलकात्याच्या बगदादी ज्यू घरातली. त्या आधीच सिनेमात होत्या, मुकुट नंतर आला आणि पुढे त्या निर्मात्या झाल्या. त्यांची मुलगी नकी जहान हिने १९६७ मध्ये मिस इंडिया किताब मिळवला. आई आणि लेक दोघींच्या डोक्यावर राष्ट्रीय मुकुट, हे तुमच्या लेकीला सांगा, तिला आवडेल.

१९५२ मध्ये इंद्राणी रहमान अमेरिकेत लाँग बीचला पहिल्यावहिल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेला गेल्या. तेव्हा त्यांचं लग्न झालेलं होतं, घरी एक मूल होतं. पुढे अनेक दशकं लग्न झालेल्या बायकांना त्या स्पर्धेचं दार बंद होतं. २०२३ पासून विवाहित बायका आणि आया पुन्हा भाग घेऊ शकतात, आणि २०२४ पासून वयाची वरची मर्यादाही काढून टाकली आहे. पण इंद्राणींचं पुढे काय झालं हे जास्त महत्त्वाचं. त्या नर्तकी होत्या. भरतनाट्यम तर होतंच, पण ओडिशाबाहेर ओडिसी फारसं कोणाला माहीत नव्हतं त्या काळात त्यांनी देबप्रसाद दास यांच्याकडे ती शैली शिकून देशात आणि परदेशात रंगमंचावर नेली. १९६९ ला पद्मश्री मिळाली. पुढे न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत शिकवलं. आज ओडिसी शिकणाऱ्या मुलींना त्यांचं नाव नृत्यामुळे माहीत असतं.

१९६४ च्या पहिल्या फेमिना मिस इंडिया मेहेर कॅस्टेलिनो फॅशनवर लिहू लागल्या आणि आपल्याकडे फॅशन पत्रकारिता हे गंभीरपणे करायचं काम आहे, हे त्यांनी वर्षानुवर्षं लिहून दाखवलं.

आता रीटा फारिया. यांच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमची लेकही रुग्णांच्या सेवेचंच शिक्षण घेते. मुंबईत वाढलेली गोव्याच्या कुटुंबातली मुलगी, ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी. १९६६ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये मिस वर्ल्ड झाली. आशियातल्या कोणा मुलीला तोवर हा किताब मिळाला नव्हता. किताबाचं वर्षभराचं काम, प्रवास, कार्यक्रम तिने पार पाडले. वर्ष संपल्यावर मॉडेलिंग आणि सिनेमाचे प्रस्ताव होते, ते तिने नाकारले आणि पुन्हा वैद्यकीय शिक्षणाकडे वळली, लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये शिकली. १९७१ मध्ये एका डॉक्टरशी लग्न केलं आणि पुढे आयर्लंडमध्ये डब्लिनला स्थायिक झाली. तुमच्या शेजारणीने रीटाबाईंना ‘मग पुढे काही झालं नाही का’ असं विचारलं असतं, तर उत्तर काय आलं असतं? मी डॉक्टर झाले. स्पर्धेआधीही तेच होणार होते.

स्वरूप संपत तुम्हाला चांगल्याच आठवत असतील. दूरदर्शनवरची १९८४ ची ‘ये जो है जिंदगी’ ही विनोदी मालिका आपल्या पिढीने शेजाऱ्यांच्या घरी बसून पाहिलेली आहे. त्या १९७९ च्या मिस इंडिया. मालिका आणि सिनेमा झाले, संसार झाला, मुलं मोठी झाली, आणि त्यानंतर त्यांनी इंग्लंडच्या वुस्टर विद्यापीठातून शिक्षण या विषयात पीएच.डी. केली. शिकण्यात अडचण येणाऱ्या मुलांना नाटकाच्या माध्यमातून जीवनकौशल्यं कशी शिकवता येतात, हा त्यांचा अभ्यास. गुजरातमधल्या शाळांत जाऊन त्या शिकवत राहिल्या आणि २०१९ मध्ये ग्लोबल टीचर प्राइझच्या अंतिम दहा जणांत त्यांचं नाव होतं. म्हणजे मुकुटानंतर बरोबर ४० वर्षांनी. तुम्ही ४८ च्या आहात म्हणून हे मुद्दाम सांगते आहे.

आपल्या मराठी मुलींचं म्हणाल तर मला मधू सप्रेबद्दल फार आत्मीयता आहे. नागपूरची, मैदानावर घाम गाळून वाढलेली खेळाडू मुलगी. १९९२ मध्ये बँकॉकला मिस युनिव्हर्सच्या अंतिम तिघींत पोहोचली. देशाची नेता झालीस तर काय करशील, या अर्थाचा प्रश्न तिला विचारला गेला आणि तिने खेळाच्या सोयी उभारीन असं सांगितलं. गरिबी हटवीन, शिक्षण देईन अशी साचेबंद उत्तरं तयार असतात, ती तिने दिली नाहीत. त्या उत्तरामुळेच मुकुट हुकला असं आजवर सांगितलं जातं. मला ते उत्तर तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. जी मुलगी मैदानावर वाढली, तिला मैदानाची कमतरता दिसणारच. ती प्रामाणिक बोलली. पुढे ती देशातल्या आघाडीच्या मॉडेल्सपैकी एक झाली. १९९५ मध्ये बुटांच्या एका जाहिरातीसाठी मिलिंद सोमणबरोबर काढलेल्या छायाचित्रावरून अश्लीलतेचा खटला झाला आणि तो १४ वर्षं चालला. शेवटी निर्दोष सुटका झाली, पण १४ वर्षं. आज ती इटलीत संसार करते, तिला एक मुलगी आहे. तिचं भलं झालं की नाही, हे तुमचे मिस्टर कशावरून ठरवतील? मला तरी वाटतं, ते ठरवायचा हक्क तिचाच.

१९९३ ची मिस इंडिया नम्रता शिरोडकर ही मीनाक्षी शिरोडकरांची नात. ज्या आजीने १९३८ साली मराठी पडद्यावर पोहण्याच्या पोशाखात येऊन अख्ख्या महाराष्ट्राला चर्चेला विषय दिला, त्या घरातली मुलगी. तिने काही वर्षं सिनेमे केले, २००५ मध्ये लग्न झालं आणि अभिनय थांबवला. आता हैदराबादला असते.

या सगळ्या गोड गोष्टी झाल्या. कटू आहेत त्याही सांगते. मिस्टरांची काळजी अगदीच निराधार नाही.

पर्सिस खंबाटा १९६५ ची मिस इंडिया. हॉलिवूडला गेली, १९७९ च्या एका मोठ्या विज्ञानपटासाठी डोक्यावरचे केस पूर्ण उतरवले, १९८० मध्ये ऑस्करच्या मंचावर पुरस्कार द्यायला उभी राहिलेली पहिली भारतीय ठरली. पण हृदयाचं दुखणं मागे लागलं, बायपास झाली, आणि १९९८ मध्ये मुंबईत हृदयविकारानेच गेली. वय अवघं ४९. जाण्याच्या आदल्या वर्षी तिने मिस इंडिया झालेल्या बायकांवरचं एक पुस्तक काढलं होतं. ज्या प्रश्नावर आपण बोलतोय, तोच प्रश्न तिलाही पडला असावा आणि उत्तर शोधायला ती स्वतःच बसली, असं मला नेहमी वाटतं.

लीला नायडू १९५४ ची मिस इंडिया. तिच्या चेहऱ्याचं कौतुक जगभर झालं. सिनेमे मोजकेच केले. शेवटची वर्षं कुलाब्याच्या घरात आजारपणात आणि एकांतात गेली, २००९ मध्ये ती गेली. युक्ता मुखीने २०१३ मध्ये पतीविरुद्ध छळाची तक्रार पोलिसांत दिली आणि पुढच्या वर्षी परस्पर संमतीने घटस्फोट झाला. जगातली सर्वांत सुंदर म्हणून जिचं नाव पुकारलं गेलं, तिलाही पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली. आणि अलीकडची हरनाझ संधू. २०२१ ची मिस युनिव्हर्स. काही महिन्यांत वजन वाढलं म्हणून अनोळखी लोकांनी तिला इतके बोल लावले, की तिला सीलियाक हा आजार असल्याचं जाहीर सांगावं लागलं. गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास होणारा आजार आहे तो. वयाच्या विशीत या मुलीला आपल्या आतड्यांचं दुखणं जगाला समजावत बसावं लागलं, याचा मला आजही संताप येतो.

नफिसा अली मात्र या कटू गोष्टींतही वेगळी. मिस इंडिया व्हायच्या आधी राष्ट्रीय पातळीवरची जलतरणपटू. १९७६ मध्ये मुकुट, मग थोडे सिनेमे, एड्सग्रस्तांसाठी काम, राजकारण. २०१८ मध्ये कर्करोगाचं निदान झालं तेव्हा तिने ते लपवलं नाही. सुष्मिता सेनने २४ व्या वर्षी, लग्न न करता, एक मुलगी दत्तक घेतली आणि दहा वर्षांनी दुसरी. २०२३ मध्ये हृदयविकाराचा झटका आला तोही तिने स्वतःच सांगितला.

तर ताई, मिस्टरांना सांगा की भलं झालं आणि वाईटही झालं, जसं आपल्या नौपाड्यातल्या एकाच वर्गात शिकलेल्या चाळीस मुलींचं झालं असेल. कोणी डॉक्टर, कोणी शिक्षिका, कोणाचा संसार मोडला, कोणी तरुण वयात गेली. शिवाय मुकुट मिळालेल्या कितीतरी जणी अशा आहेत की त्यांची नावं तुम्हाला-मला आठवणारही नाहीत. बातमीत नाहीत म्हणजे त्यांचं बरं चाललेलं नाही, असं कुठे आहे?

मला या यादीत फरक दिसतो तो दुसऱ्याच ठिकाणी. रीटा फारियाने सिनेमा सोडला, तो तिने स्वतः सोडला. स्वरूप संपत पुन्हा शिकायला बसल्या, त्या स्वतःहून. सुष्मिताने आई व्हायचं स्वतः ठरवलं. ज्यांनी पुढचं पाऊल आपल्या मनाने टाकलं, त्यांच्याकडे पाहताना ‘वाया गेलं’ हे शब्द सुचतच नाहीत, मग त्या कुठेही पोहोचलेल्या असोत.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझा उलट प्रश्न आहे. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे. दोन जाहिराती चालून आल्या होत्या, पण ते काही झालं नाही. हे कोणी ठरवलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बाकी सगळं तुम्ही तपशिलाने लिहिलंय, माहेर कुठलं, लेक कोणत्या गाडीने जाते, बँकेत कोण ओळखतं. एवढी एकच गोष्ट अर्ध्यात सोडली आहे. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

तुम्ही ठरवलं असेल, म्हणजे त्या जगात चार दिवस राहून ‘हे माझं नाही’ असं तुम्हाला वाटलं असेल, तर तुम्ही काहीही वाया घालवलेलं नाही, आणि हे लेकीला एकदा स्पष्ट शब्दांत सांगून टाका. पण वडिलांनी ठरवलं असेल, किंवा लग्न जमताना समोरच्यांनी अट घातली असेल, किंवा कोणी काही न बोलताच तुम्ही समजून घेतलं असेल, तर ताई, तुम्हाला वाईट वाटणं अगदी रास्त आहे. पंचवीस वर्षांनी वाटलं म्हणून ते खोटं ठरत नाही. ‘आता काय त्याचं’ असं म्हणून ते दाबू नका. तुमच्या पिढीतल्या बऱ्याच हुशार मुलींच्या बाबतीत हे असंच शांतपणे ठरलं, घरातल्या कोणाला आपण काही हिरावून घेतोय याची जाणीवही नव्हती. त्यांच्यावर राग धरा असं मी म्हणत नाही. पण जे झालं ते त्याच्या खऱ्या नावाने स्वतःशी तरी बोला.

आणि लेकीशी बोला. तिचं ‘तू काहीच केलं नाहीस’ तुम्हाला लागलं, लागणारच. पण तिला माहीत काय आहे? मला अशी शंका आहे की ते फोटो, ती पट्टी, ते कागद माळ्यावरच्या एखाद्या पेटीत आहेत आणि घरात त्यांचा विषय कधी निघालेला नाही. एकविसाव्या वर्षी तुम्ही त्या रंगमंचावर कशा पोहोचलात, कपडे कुठून आणले, कोणाला विचारून गेलात, घरी आल्यावर कोण काय बोललं, जाहिरातींना नकार द्यायला फोन कोणी केला, हे सगळं तिला सांगा. एखाद्या रविवारी दोघीच तलावपाळीला जा, तिथे बोला, घरात मिस्टर आणि टीव्ही असताना हे बोलणं व्हायचं नाही. तिने जे म्हटलं ते ऐकून मला तिच्यातली निष्ठुरता दिसली नाही, तिची उत्सुकता दिसली. तिला आईची गोष्ट ऐकायची आहे आणि तिला ती विचारता येत नाहीये.

आणखी एक. शाखाधिकारी होणं हे ‘पुढे काही न होणं’ कसं काय झालं? सहकारी बँकेत बाई शाखा सांभाळते म्हणजे मार्चअखेरीच्या रात्री, थकलेली कर्जं, संचालकांचे फोन, आणि ठेवीची पावती हरवली म्हणून रडवेले झालेले आजोबा. हजार लोकांसमोर सरळ मानेने उभं राहायला तुम्ही एकविसाव्या वर्षी शिकलात. काउंटरपलीकडे आवाज चढवणाऱ्या माणसासमोर ते उपयोगी पडलं की नाही? मला खात्री आहे पडलं असणार. शेजारणीला पुढच्या वेळी शांतपणे सांगा, झालं की, अमुक शाखेची मॅनेजर झाले. आणि थांबा. वर खुलासा करू नका.

आता लेकीचा अर्ज. माझं मत विचाराल तर भरू द्या. ती २० वर्षांची आहे, सज्ञान आहे, तुम्ही अडवलंत तर ती एक तर लपून भरेल किंवा पंचवीस वर्षांनी कोणाला तरी असंच पत्र लिहील. तुमची राहिलेली हौस तिच्या अर्जात मिसळू देऊ नका, तुमची भीतीही. मात्र चार गोष्टींत तिला तुमची मदत लागेल, आणि त्यात तुमचा बँकेतला अनुभव फार कामाचा आहे.

पहिली, स्पर्धा कोणती हे बघा. ‘मिस’ आणि ‘मिसेस’ नावाच्या स्पर्धा आता हॉटेलच्या हॉलमध्ये सर्रास होतात, आपल्याकडेही आणि खाडीपलीकडे वाशी-बेलापूरलाही. त्यातल्या काही फक्त फी गोळा करण्यासाठी असतात. नोंदणीची फी, मग ग्रूमिंगची फी, मग पोर्टफोलिओची, मग कपड्यांची, आणि शेवटी प्रत्येकीला कसला ना कसला किताब. विजेती पुढे कोणत्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जाते, गेल्या काही वर्षांत खरोखर कोण गेलं, हे विचारा. उत्तर गोलमाल आलं तर तिथेच सोडा. कर्ज मागायला आलेल्याची कागदपत्रं तुम्ही जशी तपासता तशीच ही तपासा.

दुसरी, करार. मोठ्या स्पर्धांत निवडलेल्या मुलींकडून करार लिहून घेतात. किताबाचं वर्ष बहुतेक आयोजकांच्या ताब्यात असतं, त्या काळात दुसरं काम घ्यायचं तर परवानगी, कमाईत वाटा, लग्नाबाबत अटी, फोटो कुठे आणि किती काळ वापरायचे याचे हक्क. तो कागद सही करण्याआधी घरी आणायचा आणि वकिलाला दाखवायचा. ‘आत्ताच सही करा, वेळ नाही’ असं जिथे म्हणतात, तिथे सही करायची नाही. मधू सप्रेच्या एका फोटोचा खटला १४ वर्षं चालला, हे तिला सांगा. घाबरवण्यासाठी नको. काढलेला फोटो किती काळ आपल्याबरोबर राहतो, हे कळावं म्हणून.

तिसरी, शिक्षण. फिजिओथेरपीचं तिसरं वर्ष आहे, अजून एक वर्ष आणि इंटर्नशिप बाकी. स्पर्धेच्या फेऱ्या आणि प्रात्यक्षिकं एकाच वेळी आली तर हजेरीचं काय, हे तिने कॉलेजला आधी विचारावं आणि जे ठरेल ते लेखी घ्यावं. जिंकलीच, तर एक वर्षाचा खाडा पडेल. तो पडला तरी चालेल, फक्त परतायचा रस्ता आधी आखलेला असावा. वर्गमित्रमैत्रिणी पुढे निघून गेलेल्या असताना परत येऊन बाकावर बसायचं, याला मनाची तयारी लागते. त्याबद्दल तिच्याशी आत्ताच बोला.

चौथी, तिचं शरीर. इथे तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. गुडघा, घोटा, कंबर, स्नायूला किती अन्न लागतं, हे ती रोज शिकते. तिला एवढंच विचारा, तुझ्याकडे एखादी मुलगी आली आणि म्हणाली की आठ दिवसांत सहा किलो उतरवायचेत, तर तू तिला काय सांगशील? तिने दिलेलं उत्तर तिला स्वतःला लागू करायला लावा. पाळी चुकली, चक्कर आली, जेवताना अपराधी वाटायला लागलं, तर स्पर्धा त्याच दिवशी थांबवायची, हे दोघींनी आधी ठरवून ठेवा. रंग उजळायच्या क्रीम आणि इंजेक्शनांना तर घरात येऊच देऊ नका.

मिस्टरांना या सगळ्यात घ्या. त्यांना विरोध करायला काम उरलं नाही की ते मदत करतील. कराराचा कागद वकिलाकडे नेणं, आयोजकांची चौकशी करणं हे त्यांच्यावर सोपवा. मुलीची काळजी आहे म्हणून ते तसं बोलतायत, तर ती काळजी कामाला लावा.

आणि तुम्ही बरोबर जावं का? जा, ताई. ऑडिशन कुठेही असो, बरोबर जा. रात्री उशिरा कोणाला एकटीने भेटायचं नाही, हॉटेलच्या खोलीत मीटिंग नाही, हे नियम तिला तुमच्यासमोर पाळणं सोपं जाईल. मात्र आत गेल्यावर तिच्या वतीने बोलू नका. कोणी तुम्हाला ओळखलं आणि ‘तुम्हीही होतात ना’ असं विचारलं तर हो म्हणा आणि बाजूला बसा. तिचं नाव पुकारलं की ती एकटी आत जाईल. निवड झाली नाही तर परतीच्या गाडीत लगेच समजूत घालायला जाऊ नका, तिला बोलायचं असेल तर बोलेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नेरुळची नेहमीची गाडी पकडायची आहे, तिचा डबा भरून ठेवा.